भोकं पाडलेलं पिस्तूल

आई,

काल क्लबच्या मॅचमध्ये बायकांत मी पहिली आले, आणि तेही तू ज्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतंस अशा पिस्तुलानं. बॅरलच्या टोकाजवळ, वरच्या अंगाला, भोकं पाडलेलं पिस्तूल. इथे त्याला पोर्टेड म्हणतात. तू म्हणाली असतीस, "पिस्तूल आहे की बासरी?" तू जाऊन एक तप उलटून गेलं, तरी दुबईत काही मनासारखं झालं की आधी तुला सांगावंसं वाटतं. आज तर तुझ्याशी थोडं भांडायचंही आहे.

आपलं पोलीस लाइनीतलं स्वयंपाकघर. तू ड्यूटीवरून येतेस, वर्दी बदलायच्या आधी कुकर लावतेस आणि पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या माझ्या हातात देतेस. हात सरळ, खांद्याच्या रेषेत, तिसरी शिट्टी होईपर्यंत. पाणी सांडलं तर फडकं मी मारायचं. शेजारी तूही तांब्या धरून उभी, कारण जिल्ह्याच्या टीममधली नेमबाज तू होतीस, मी आपली तुझ्यामागून आलेली. एकदा स्पर्धेत माझ्या गोळ्या वर वर जायला लागल्या आणि मी म्हटलं, पिस्तूलच खराब आहे. सगळ्या मुलींसमोर तू म्हणालीस, "नाचता येईना अंगण वाकडं." घरी आल्यावर माझ्या आवडीची शेवयांची खीर केलीस, पण शब्द काही मागे घेतला नाहीस. पिस्तुलावर उपाय शोधणारा माणूस हाताकडे बघायचं टाळतो, असं तुझं पक्कं मत. आणि मग एके दिवशी तूच टीम सोडलीस. आत्ता माझं जे वय आहे त्याच वयात. कारण विचारलं तर म्हणालीस, "पुरे झालं, नव्या मुलींना येऊ दे." कणीक मळताना तुझा अंगठा दुखायचा, पण ती गोष्ट आपल्या घरात कधी उच्चारली गेली नाही.

मागल्या वर्षी अल मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात पाय घसरला आणि माझं उजवं मनगट मोडलं. जुळलं, पण पहिल्यासारखं नाही. निवांत एकेक गोळी मारायला अजूनही अडचण नव्हती. पण इथल्या मॅचमध्ये दोन-दोन गोळ्या झटपट मारायच्या असतात. पहिली सुटली की पिस्तुलाचं तोंड वर उडतं, आणि ते खाली आणताना मनगटातून अशी कळ जायची की डोळ्यांपुढे काजवे. जावई तुझे म्हणाले, "अगं, सोड ना आता. योगा कर." मी महिनाभर सोडलंही, आणि महिनाभर घरात सगळ्यांवर खेकसले. शेवटी तुझा नातूच कंटाळून म्हणाला, "आई, यू आर सो स्टबर्न. जस्ट ट्राय द पोर्टेड वन."

क्लबमध्ये भाड्यानं तेही मिळतं. युक्ती साधी आहे. गोळीमागचा थोडा गॅस त्या भोकांतून वर सुटतो आणि जाता जाता बॅरलला खाली दाबतो. तोंड कमी उडतं, दुसरी गोळी लवकर लागते. पण मी पडले तुझी लेक. माणूस हाताच्या अंतरावर असेल तर पिस्तूल बरगडीशी आवळून मारायचं, हे तू माझ्या अंगात इतकं भिनवलंयस, की सर्वांत जवळचं टार्गेट पाहिल्याबरोबर मी तेच केलं. गरम गॅसचा झोत थेट हनुवटीवर आला, चष्म्यावर काळे ठिपके. आमचे पेशावरचे उस्ताद धावत आले.

"मॅडम, ये किसने सिखाया आपको?"

"मेरी माँ ने. पुलिस में थी."

"अम्मी को सलाम. लेकिन उनका बॅरल बंद था, इसका खुला है. हाथ लंबा करो, यल्ला."

हनुवटी चार दिवस चुरचुरत होती, आणि तू कुठूनतरी हसते आहेस असं मला सारखं वाटत होतं. तुझ्या बाजूनं बोलायला बरंच आहे, तेही मान्य करते. आवाज इतका की शेजारच्या लेनमधला माणूस आपलं सामान उचलून लांब गेला. साफसफाई दुप्पट, भोकांच्या कडेला आणि नेम धरायच्या पुढच्या माशीवर काजळी धरते. हलक्या काडतुसात गॅसच कमी, मग फायदाही नाही आणि पिस्तूल मध्येच अडकतं. गोळीचा वेगही थोडा घटतो. वर्दीतल्या बाईनं रस्त्यावर घेऊन फिरायचं हे हत्यार नव्हेच. आणि अंधारात तर भोकांतून निघणारा जाळ बरोबर डोळ्यांसमोर.

काल नेमकी एक फेरी मंद उजेडातली होती. माझ्या बरोबरीला केरळची एक तरुण मुलगी, साधं बॅरल, हात विजेसारखा. पहिल्याच गोळीला माझ्यासमोर जाळ उठला आणि माशी दिसेनाशी झाली. तेव्हा तुझं वाक्य कामी आलं. "गोळी सुटली तरी नजर हलवायची नाही." मी जाळ विझेपर्यंत तिथंच बघत राहिले, मग दुसरी मारली. सगळ्या लागल्या, पण वेळ गेला आणि ती पोरगी पुढे निघून गेली. मनगटही ठणकायला लागलं होतं. प्रेक्षकांत हे दोघे बापलेक बसलेले, आणि माझं हे शूटिंग पुढे चालू राहणार की आजच संपणार, हे पुढच्या फेरीवर ठरणार आहे हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

शेवटची फेरी लख्ख उजेडात, लोखंडी थाळ्यांची. हात लांब केला. पहिली थाळी पडली आणि तोंड उडालंच नाही, आई. जिथं होतं तिथंच. दुसरी, तिसरी, आणि मग मी मोजायचं सोडून दिलं. कळ नाही, काजवे नाहीत. शेवटची थाळी पडल्यावर माझ्या घशातून जो आवाज निघाला तो पन्नाशीच्या बाईला शोभणारा नव्हता. ती मुलगी हात मिळवायला आली आणि म्हणाली, "आंटी, आपका हाथ तो हिला ही नहीं." उस्ताद लांबूनच ओरडले, "खलास, मॅडम!" मला इतका आनंद झाला की लाज वाटली नाही. त्या न हललेल्या हाताचं अर्धं श्रेय भोकांना आणि अर्धं तांब्याला, हे मी तुझ्यासमोर छातीठोकपणे सांगितलं असतं. अंगणही कधी कधी वाकडं असतं, आई. ते सरळ करून घेऊन नाचलं तर तो नाच खोटा होत नाही.

हे पत्र कुठं पाठवणार? कुकर लावलाय, शिट्टी व्हायच्या आत एवढं लिहून होतंय. एक मात्र सांगून टाकते. मी अजून ओट्यापाशी तांब्या धरून उभी राहते, पण तिसऱ्या शिट्टीपर्यंत धरवत नाही, दुसरीलाच खाली ठेवते. टीममधली शेवटची वर्षं तू, माझी कोपरं बघायचीत असं सांगून, शेजारी न थांबता पाठीमागे उभी राहायचीस ना, तेव्हा दुसऱ्या शिट्टीनंतर तुझा तांब्या हळूच ओट्यावर टेकल्याचा आवाज मला दर वेळी ऐकू यायचा.