रुमालाखालचा हात

आबा,

परवा नंदुरबारच्या वाचनालयाच्या ओट्यावर तुमचं भाषण झालं. तुम्हाला जाऊन बारा-तेरा वर्षं झाली आणि बोलणारा दुसराच होता, पण शब्द तुमचे होते. "रागाच्या भरात कुणी चालतं दुकान मोडत नाही. ज्या पेठेत आपला माल खपतो, तिच्याशी नातं तोडायचं तर आधी दुसरी पेठ हुडका. गिऱ्हाईक तुटायला एक दिवस लागतो, जोडायला जन्म लागतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बायकांच्या सतरंजीवर खांबाला टेकून बसले होते. शेजारच्या बाईनं मला विचारलं, "काय वं, तुले थंडी वाजी ऱ्हायनी का?" मी म्हटलं, नाही.

तुम्हाला नीट सांगते, कारण तुम्ही हे काही पाहिलं नाहीत. इंग्रज गेला. स्वराज्य येऊन दोन वर्षं झाली. आता वाद असा पडला की त्यांच्या राष्ट्रकुलात आपण राहायचं की तेही सोडायचं. दिल्लीनं राहायचं ठरवलं, त्यावर आपल्याकडची तरुण पोरं खवळली, आणि त्यांची समजूत घालायला ही सभा. समजूत घालणारे कोण, तर जे माझे सासरे व्हायचे होते ते. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात खादीचा कोट, खांद्यावर उपरणं, गळ्यात हार. व्यापार कसा चालतो, गिऱ्हाईक कसं जपावं लागतं, हे त्यांनी पोरांना अगदी प्रेमानं समजावलं. हेच तुम्ही त्याच ओट्यावर म्हणालात तेव्हा रस्त्यातली पोरं तुमच्या मागून "गोऱ्याचा मेहुणा" म्हणून ओरडत आली होती. म्हणजे बोलणं खोटं नव्हतं आबा, वेळ चुकली होती, आणि टोपी.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आधीचा तो हिवाळा. आपल्या भट्ट्या तेव्हा अक्कलकुव्याच्या वर नाल्याच्या काठी लागलेल्या. डोंगरातली माणसं रोशा गवताचे भारे डोक्यावरून आणून टाकतात, मोठ्या कढईत गवत शिजतं, नळी थंड पाण्यातून जाते आणि पलीकडे भांड्यात तेल थेंबथेंब जमतं. तुम्ही घरी याल त्या दिवशी वास तुमच्या आधी दारात येतो. आई धोतर वेगळं धुते आणि म्हणते, या घरात देवालाही रोशाचाच वास येतो. ते तेल मुंबईच्या गोऱ्या कंपनीकडे जायचं आणि तिथून बोटीनं विलायतेला, साबणात आणि अत्तरात घालायला. नंदुरबारच्या पेठेत निम्मी घरं त्या बोटीवर जगत होती, कुणी तेलावर, कुणी शेंगांवर, कुणी कापसावर. त्यामुळे साम्राज्यातून साफ बाहेर पडायचं अशी हाक आली तेव्हा पेठेला धडकी भरली. भरली म्हणजे घराघरात भरली. बाहेर सगळे जयजयकार करत होते.

आता ते रुमालाचं. तुमच्या धंद्यात भाव तोंडानं सांगत नसत. देणारा आणि घेणारा हातावर रुमाल नाहीतर उपरणं टाकायचे आणि आत बोटं दाबून भाव करायचे. बोटं म्हणजे आकडा, आणि शेवटी सगळा पंजा आवळला की सौदा पक्का. भोवती दहा माणसं बसलेली असली तरी कुणाला काही कळायचं नाही. मला तुम्ही ते जेवताना शिकवलंत. आईच्या पदराखाली माझी बोटं दाबायचात, तेवढ्या भाकरी मी चुलीपाशी जाऊन सांगायच्या. एकदा पंजाच आवळलात. मी ओरडले, "आई, आबाले साऱ्या भाकरी पाहिजेत!" आई हसून हसून पिठात पडायची बाकी होती. पुढे दुकानात बसू लागल्यावर मला आणखी एक कळलं, ते तुम्ही शिकवलं नव्हतं. बोटं मोजताना माणसाचं कोपर हलतं, आणि पंजा आवळला की खांदा जरासा खाली येतो. मी एकदा मोठ्या हुशारीनं चार लोकांत म्हणाले, "यांचा सौदा झाला." तुम्ही आयुष्यात मला एकदाच रागे भरलात, ते तेव्हा. "रुमालखालनं रुमालखालेच ऱ्हास, बाई. ते जो बाहेर काढस, त्यान्हा हात पुन्हा कोनी धरत नही." मी रडले. तुम्ही संध्याकाळी गुळाची भेली आणलीत, पण शब्द मागे घेतला नाहीत.

त्या हाकेवर वाचनालयाच्या ओट्यावर सभा ठरली. तिच्या आदल्या दिवशी बाजार होता. तुम्ही दुकानाच्या गादीवर बसलात आणि एकेक व्यापारी येऊन गेला. तुम्ही हळू आवाजात एकच गोष्ट विचारत होतात: "राज जावो, मी आडवा पडत नही. पन आपला माल उद्या कोन लेई, तेवढं सभामा इचारसूत. मन्हासंगे शेतस ना?" आणि उपरणं टाकून हात पुढे करत होतात. मी आत मिरच्यांची देठं खुडत बसले होते. एकापाठोपाठ एक खांदे खाली येताना मी पाहिले. सगळ्यात आधी कुणाचा आला असेल? ज्यांच्या मुलाशी माझी सुपारी फुटली होती त्यांचा. त्यांनी तर दुसरा हातही वरून ठेवला. तुमचा चेहरा असा उजळला होता की मला वाटलं, सभा जिंकलीच.

सभेत हायस्कुलातले मास्तर आधी बोलले. देशावरचे होते, बोलायचे छान. म्हणाले, "आपल्या तेलाची पारख नाक करतं, झेंडा नाही. इंग्रज घेणार नसेल तर फ्रेंच घेईल, जर्मन घेईल, उद्या आपलेच कारखाने घेतील. स्वराज्यात सोन्याचा धूर निघेल." मग तुम्ही उठलात. तुम्हाला ना भाषण येत होतं ना छान मराठी. तुम्ही म्हणालात, "सोनाना धूर निंघी तव्हय निंघी. पन तव्हलोंग चुल्हामा काय घालवं, ते मास्तरसनी सांगाले पाहिजे. गिऱ्हाईक तुटाले एक दिन लागस, जोडाले जनम लागस." कुणीतरी मागून फिसकन हसलं. मास्तर रागावले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगते. ते फक्त म्हणाले, "ठीक आहे, सभेलाच विचारू. संपूर्ण स्वातंत्र्य ज्यांना हवं, त्यांनी हात वर करावा."

हात वर झाले. आदल्या दिवशी उपरण्याखाली गेलेला प्रत्येक हात वर झाला आणि सर्वांच्या वर माझ्या होणाऱ्या सासऱ्यांचा. तुम्ही एकेकाकडे पाहत होतात. मग मास्तरांनी विचारलं, विरुद्ध कोण? तुम्ही हात वर केलात. एकट्यानं. आबा, मी इतकी वर्षं हे मनात घोळवलं आहे आणि मला तुमचाच राग येतो. रुमालाखाली मालाचा सौदा होतो, मताचा होत नाही, हे जन्मभर पेठेत बसलेल्या माणसाला कसं कळलं नाही? तेल विकत घेणारा पंजा आवळून फिरला तर त्याची अब्रू जाते. मत देणारा फिरला तर त्याची अब्रू वाढते. एवढं व्यवहारज्ञान तर मला मिरच्या खुडताना आलं होतं.

माघातल्या उन्हात आईनं ज्वारीचं पीठ शिजवून माझ्या लग्नाचे बिबडे थापायला घेतले होते. घराच्या सपाट धाब्यावर धोतरं पसरून त्यावर ओले बिबडे, आणि मी कावळे हाकते आहे, तेवढ्यात खाली त्यांचा माणूस नारळ परत घेऊन आला. म्हणाला, "शेठनी सांगं शे, सरकारधार्जिणा घरमा सोयरीक नको." आई धाब्यावरूनच ऐकत होती. ती खाली आली नाही. बिबडे उलटत राहिली, ते वाळायला हवेतच ना. रात्री मी तिला खांद्यांची गोष्ट सांगितली. मग मात्र ती तुमच्यापुढे जाऊन उभी राहिली. "सांगी द्या त्यासनं नाव! पंचसमोर सांगा, पहिला हात यान्हाच व्हता. तुमन्ही पोर शे ती, तेलना बुधला नही." तुम्ही भिंतीकडे पाहत होतात. म्हणालात, "रुमालखालनं शे ते." तेवढंच. माझ्यासाठी चार शब्दही खर्च केले नाहीत तुम्ही.

दलालांनी आपल्याकडे यायचं बंद केलं. तेलाचे बुधले परसात पडून राहिले आणि आपण वर्षभर माझ्या लग्नाचे बिबडे खाल्ले. पुढे तुम्ही मला अक्कलकुव्याच्या जंगलखात्यातल्या कारकुनाला दिलंत, बिजवर. माणूस वाईट नाही. पण मला बुडत्या घरातून उचलून दिलं होतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

तुम्ही हिवतापानं गेलात तेव्हा ते शेठ दारावर आले होते. दहावा दिवस होता. बसले, पाणी प्यायले. उठताना खांद्यावरचं पांढरं उपरणं हातावर घेतलं आणि तो हात माझ्यापुढे केला. घरातल्या बायका बघतच राहिल्या. परक्या बाईपुढे असा हात कुणी करतं? मी का कोण जाणे, आत हात घातला. त्यांनी बोटं मोजली नाहीत. पंजा आवळला. बराच वेळ सोडला नाही, आणि मला वाटलं, म्हातारा माफी मागतो आहे. ते गेल्यावर आई म्हणाली, "माफी नही वं. तुन्हं तोंड बंद कयं त्यानी." तिचं खरं की माझं, ते मला आजतागायत उमगलेलं नाही.

तुम्ही बरोबर होतात का, हेही सांगता येत नाही, आणि याचा मला सगळ्यात जास्त संताप होतो. आधी लढाई लागली, बोटी थांबल्या. मग गोऱ्या कंपनीनं गाशा गुंडाळला. नाल्याकाठच्या भट्ट्या एकेक करून विझल्या. ते स्वराज्यामुळे झालं, की लढाईमुळे, की जंगलखात्याच्या ठेक्यांमुळे, प्रत्येकजण आपापल्या सोयीचं सांगतो. सोन्याचा धूर निघालेला नाही. पण मोलगीच्या बाजारात पोलिसाला पाहून माणसं पूर्वी रस्ता सोडून उभी राहायची, ती आता राहत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तुमच्या प्रश्नात हे नव्हतं. मास्तरांच्या उत्तरात चूल नव्हती. दोघांत मिळून एक शहाणा माणूस झाला असता, आणि शहाणपण मात्र तिसऱ्याच्याच पदरी पडलं, त्याला परवा हार घातला.

सभा संपल्यावर मी उठले होते आबा. चार पावलं पुढेही गेले. ओट्याखाली उभी राहून म्हणणार होते, हे शब्द कुणाचे ते या लोकांना सांगा, आणि आदल्या दिवशीच्या बाजाराचंही सांगा. त्यांनी मला पाहिलं. त्यांचा उजवा हात आपोआप उपरण्याच्या आत गेला. मी मागे फिरले.

म्हणून हे लिहायला बसले. इथे कोण ऐकणार आहे, तुम्ही ऐकणार नाही आणि टपाल तुमच्यापर्यंत जाणार नाही. निदान कागदावर तरी त्यांचं नाव लिहावं, लिहून चुलीत घालावं, असं ठरवलं होतं. वरचं सगळं वाचून पाहिलं. सासरे व्हायचे होते ते, शेठ, म्हातारा, तिसरा, सगळं लिहिलंय. नाव तेवढं कुठेच आलेलं नाही. मघापासून टाक बुडवते आहे, शाई निबावर वाळते आहे, आणि तुमच्यावर इतका राग असूनही मला ते लिहिता येत नाही.