टॉवरकडे पाठ

रविवार, १४ सप्टेंबर

एक रेघ! शेणीच्या राशीवर चढून फोन डोक्यावर धरला की सिग्नलची एक रेघ येते. खाली उतरलो की गेली. बारा वर्षं या परक्या देशातल्या खोऱ्यातून पुण्याच्या पाक्षिकाला वार्तापत्रं पाठवतोय, तीही सिग्नलसाठी खिंडीपर्यंत घोड्यावरून जाऊन. माझा मजकूर उशिरा पोचतो, तो विचारपूर्वक लिहिल्यामुळे, असा संपादकांचा समज आहे. मी तो मोडलेला नाही.

पण आता प्रश्न माझा नाही, माझ्या घरमालकिणीचा आहे. झूराकान आपाचे (आईसारख्या बाईला इथे आपा म्हणतात) गुडघे या उन्हाळ्यात संपले. दर रविवारी खिंडीत जाऊन धाकट्या मुलाशी बोलायची, ते बंद. उलारबेक चार वर्षं तिकडे उत्तरेला बांधकामावर. शेवटच्या फोनवर म्हणाला, "आई, घरावर अँटेना बसवून घे. मी दाढी ठेवलीय, बघ तरी!" तेव्हापासून बाईला दुसरं काही सुचत नाही.

"दाढी? ह्याच्या बापाला मिशीसुद्धा धड नव्हती!"

मंगळवार, १६ सप्टेंबर

नारीन शहराचा बाजार. मेदेरचं दुकान — तीन हात रुंद, आत अँटेनांचं जंगल.

"टॉवर कुठला पकडायचाय?" माहीत नाही. "किती लांब?" माहीत नाही. "कुठल्या लहरीवर चालतो?" मी छताकडे बघितलं.

"काका, पाय न मोजता बूट मागताय तुम्ही."

मग दाखवलं मात्र सगळं. एक नुसती काठी, चहूबाजूंनी ऐकणारी. सर्वतोमुखी! पण सगळ्यांचं थोडं थोडं ऐकते, कुणाचंच नीट नाही — आमच्या पुण्याच्या विद्यापीठातल्या काही मंडळींसारखी. दुसरी माशाच्या काट्यासारखी: एकच दिशा, एकाग्र. तिसरी पाटासारखी चपटी, मध्यममार्गी. चौथी जाळीची थाळी, दिसायला रुबाबदार. श्रवणाचे इतके प्रकार असतात हे पंचावन्नाव्या वर्षी कळलं!

रिकाम्या हातांनी परतलो. फोनमध्ये सिग्नल मोजायचं ॲप तेवढं घालून दिलं त्यानं. आकडे उणे येतात. शून्याच्या जितकं जवळ तितकं बरं.

बुधवार, १७ सप्टेंबर

दिवसभर छपरांवर. शेजारचा सोल्तोबाय, वडीलधारा म्हणून 'आके', खाली शिडी धरून. हा माणूस सत्तरीतही घोड्यावरून कडा उतरतो, पण शिडीच्या तिसऱ्या पायरीवर गेला की डोळे मिटतो.

"वर या की, आके. इथून तुमचं घर छान दिसतं."

"मला माझं घर खालूनच आवडतं. तू पड, इंडूस. मी वरून पडलो तर माझ्या घोड्यांना कोण बघेल?" मी भारतातला, म्हणून त्याचा 'इंडूस'.

शोध मात्र लागला. जवळचा टॉवर सहा किलोमीटरवर, पण मध्ये डोंगर: उणे एकशे तेरा. नदीपलीकडचा एकोणीस किलोमीटरवर, पण गोठ्याच्या छपराच्या कोपऱ्यावरून थेट दिसतो: उणे सत्त्याण्णव! जवळचा नको, दिसणारा हवा. हे आधी कुणी सांगितलं असतं तर आयुष्यातल्या पुष्कळ गोष्टी सोप्या झाल्या असत्या.

शनिवार, २० सप्टेंबर

घरात तीन मतं. आपाला थाळी हवी, कारण टीव्हीला थाळी असते. आकेला काठी हवी, कारण तिला घोडा बांधता येईल. मी काट्यांच्या बाजूचा. थाळी वरच्या लहरींसाठी बनवलेली, आणि आपला लांबचा टॉवर खालच्या लहरीवर बोलतो. म्हणजे कान चांगला, पण भाषा वेगळी.

"बाळा, तू इतकं वाचतोस, तरी निवडायला आठ दिवस?"

"आपा, वाचतो म्हणूनच."

शनिवार, २७ सप्टेंबर

बसली! माशाचे दोन काटे, एकमेकांना तिरके. तंबूचा जुना वासा खांब म्हणून. लांब केबल वाटेतच सिग्नल पिते, म्हणून मोडेम वर खांबावरच, डब्यात. होकायंत्र लावून दोनशे चौदा अंश. तेरा नंबरचा पाना घट्ट फिरवला आणि खाली आके ओरडला, "आलं! आलं! चार रेघा!"

लेख चार सेकंदांत पुण्याला गेला. आता उशिराला कारण उरलं नाही, ही एक नवी आपत्तीच.

आपानं नवा स्कार्फ बांधला. उलारबेकला लावला. रिंग वाजत राहिली. "शनिवारी काम उशिरापर्यंत असतं. उद्या आपला वार," म्हणाली. स्कार्फ काढून घडी घालून ठेवला.

आके पाना मागून घेऊन गेला, खोगिराचं काहीतरी. संध्याकाळी घोडे आणायला खिंडीत गेला होता.

रविवार, २८ सप्टेंबर

सिग्नल मेला! सकाळपासून एकही रेघ नाही. केबल काढली, पुसली, लावली. मोडेमचे दिवे ठीक. आपा दारात स्कार्फ बांधून बसलेली.

एरवी असल्या यंत्रांत लक्ष न घालणाऱ्या आकेकडे आज कारणांचा साठा. साळुंक्या बसल्या असतील. केबलमध्ये दव गेलं असेल. टॉवरलाच झोप लागली असेल. "राहू दे आज, इंडूस. वारा आहे." वाऱ्याचा पत्ता नव्हता.

"आपा, उद्या नक्की."

"त्याची दाढी काय एका दिवसात पळून जाणारे?"

सोमवार, २९ सप्टेंबर

तपासायचं ते शेवटी तपासलं: दिशा. दोनशे चौदा नव्हे, चौतीस! टॉवरकडे सरळ पाठ. नट सैल करून, फिरवून, पुन्हा घट्ट केलेला. न्यायशास्त्र माझं कच्चं आहे, पण एवढं अनुमान जमतं: वारा तेरा नंबरचा पाना वापरत नाही.

गोठ्यामागे आकेला गाठलं. मी चेष्टेच्या सुरात, "काय हो आके, माझ्या एकाग्रतेवर जळता?" त्यानं वर बघितलं.

"उलारबेक शनिवारी सकाळी पडला. नवव्या मजल्यावरून. खिंडीत कळलं मला."

त्यानं हातातलं खोगीर खाली ठेवलं.

"शुक्रवारी मयत आणतायत. त्याचा मोठा भाऊ ओश शहरातून येईल, गावातली जाणती माणसं जमतील, डॉक्टरीणबाई शेजारी असेल. आम्ही सगळे मिळून दारात उभे राहून सांगू. आमच्यात असंच सांगतात, तुला माहितेय. आणि तुझा तो डबा? तो लागला की शंभर नातेवाईक रडत आत घुसतील. बाई एकटी, हातात फोन धरून! असं कळावं तिला?"

"मला सांगायचं होतंत."

"तुझा चेहरा, इंडूस, उघड्या पुस्तकासारखा. आणि अक्षरं मोठी."

मी वर चढलो नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर

"चुकीची अँटेना आणलीस रे," आपा म्हणाली. "हो आपा," मी म्हणालो. "थाळीच घ्यायला हवी होती."

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

दहा वाजता आले. अकरा जण, पांढऱ्या टोप्या, आके सर्वांत मागे. मोठ्या मुलानं सांगितलं. बायकांनी धरलं तिला. तिचा तो आक्रोश मी इथे लिहिणार नाही.

दुपारी अंगणात शोकाचा तंबू उभा राहत असताना तिनं मला जवळ बोलावलं. आवाज पार गेलेला.

"रविवारी पहाटे गाईपाशी होते मी. सोल्तोबाय शिडीवर होता. डोळे मिटून, हातानं चाचपत, वरपर्यंत गेला. तो माणूस चेष्टेखातर शिडी चढेल का?"

"आपा... मग रोज सिग्नलचं विचारत होतात—"

"तुम्ही इतक्या मेहनतीनं लपवत होतात."

मग स्कार्फ नीट केला.

"जा, फिरव आता. कुणाच्या तरी फोनात त्याची दाढी असेलच."

दोनशे चौदा अंश. खाली शिडी आकेनं धरली.