भस्म्याची वाटी

एकलहरे,
७ एप्रिल १९९७

ती. स्व. आत्यास,
चैतालीचा शि. सा. न. वि. वि.

मास्तरीण एकटी कशी राहते, असं विचारलंस. आता एकटी नाही. इथल्या वीजकेंद्राची राख वाहणाऱ्या डंपरखालून एक बोका काढला, नाव भस्म्या. चांगलं घर मिळेपर्यंत तो माझ्याकडे. घरमालकीण नवसाबाई म्हणाल्या, घरात मुतला तर दोघांनाही बाहेर काढीन. म्हणून तू आम्हाला शिकवलंस तसं त्याला पाणी पुरवून पुरवून देते, वाटीच्या तळाला लागेल इतकंच. वर तू दिलेली खारट सुकट. इतका शहाणा झालाय की कालपासून घरात मुताचा थेंबही सांडला नाही. मुतायला ठेवलेल्या राखेच्या घमेल्यात मात्र बसून राहतो, बारीक ओरडतो. लाडावलाय.

माया आहे तशीच ठेव.
तुझी चैताली


नांदगाव,
१० एप्रिल

चि. चैतालीस अनेक आशीर्वाद.

बोका तुझ्यापरीस हुशार हाय. तू शाळेत जाईस्तोवर माझ्या गोधड्या भिजवायचीस. पाणी कमीच दे, सवय लागते. इथं टँकरचा भरवसा नाय. मी तर दुपारचं पाणी पीतच नाय. लघवीला लय जळजळतं, कंबर धरते, पण ऊन बाधलं असंल. सुकट आणखी पाठवते.

जिवाला जप.
तुझी आत्या


एकलहरे,
१४ एप्रिल

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सुकट पाठवू नकोस. मागचं पत्र टाकून आले तर घमेल्यातल्या राखेवर लाल थेंब होता आणि भस्म्याचं पोट कैरीसारखं टणक. भाजीच्या पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेला. डॉक्टर म्हणाले, खड्यांनी लघवी अडकली आहे, आणखी उशीर झाला असता तर गेला असता. पाणी किती पितो, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, वाटीच्या तळाला लागेल इतकंच. मी त्याला शहाणा म्हणत होते गं, आणि तो मरत होता.

लघवीसाठी घातलेली नळी आज सकाळी काढली. आपल्या घरातली पहिली बी. ए. दिवसभर बोक्याच्या शेपटीखाली वाकून बघत बसली होती. संध्याकाळी त्याने तुझी गोधडी भिजवली. नवसाबाईंनी पाहिलं. म्हणाल्या, रडतेस काय, धुवायला टाक. पुन्हा अडकू शकतं, असं डॉक्टर म्हणतात, त्यामुळे तो जरा ओरडला तरी मी उठून घमेलं बघते.

मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. जळजळ, कंबर, दुपारचं पाणी. ते ऊन नाही, आत्या. शनिवारी येते, तुला दवाखान्यात नेणार आहे. नको म्हणू नकोस.

तोवर पाणी पुरवत बसू नकोस. पी.
तुझीच
चैताली