उलाळ गाडी आणि गोठलेलं तळं

गुरुजी, आधी एक गंभीर तक्रार नोंदवून घ्या. इथे परदेशात आमच्या घराखाली खाण्याच्या टपऱ्यांचा एक मंडप आहे, क्लेमेंटीचं हॉकर सेंटर; तिथली कॉफीवाली आंटी गार कॉफीच्या ग्लासात इतका बर्फ भरते की कॉफीला फटीफटीतून वाट काढावी लागते. "कमी बर्फ" असं मी गेली अकरा वर्षं सांगतो आहे, ती गेली अकरा वर्षं मान डोलावते आहे, आणि बर्फ आहे तेवढाच आहे. पात्राला तुपाचा आधार की तुपाला पात्राचा, हा तुमचा लाडका वाद मला रोज सकाळी या ग्लासात दिसतो. आज मात्र मी एक घोटही घेतलेला नाही. ग्लास समोर ठेवून बर्फ विरघळताना बघत बसलो आहे. इथे त्याला फार वेळ लागत नाही.

माझी लेक तुम्ही पाहिली नाहीत. ती इथेच वाढली, मराठी सगळं समजतं पण उत्तर इथल्या, जागोजागी "लाह" लावलेल्या अर्ध्या इंग्रजीत देते, आणि गेली दोन वर्षं अमेरिकेच्या पार उत्तरेला नोकरी करते. तिकडे हिवाळ्यात तळी गोठतात आणि लोक त्यांच्यावर चक्क घर नेऊन ठेवतात. घर म्हणजे पत्र्याची एक खोली, खाली दोन चाकं. चार फुगीर टायरांची, मोटरसायकलसारखं हँडल असलेली एटीव्ही नावाची गाडी असते, तिच्यामागे हे घर जोडायचं, ओढत तळ्यावर न्यायचं, चाकं वर घेऊन बर्फावर टेकवायचं, आणि खोलीच्या तळातल्या भोकांतून खालच्या बर्फाला भोकं पाडून हीटरच्या उबेत मासे धरत बसायचं. मासा हा शब्द तुम्ही मत्स्यावतारापुरताच उच्चारत होतात, तेव्हा पुढचं सांगत नाही. तिने आणि तिच्या एका मैत्रिणीने यंदा असं एक जुनं घर मिळून घेतलं. आज मैत्रीण तापाने झोपली आहे, म्हणून ही एकटीच निघाली.

सकाळी सहाला तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपार कलली होती. निघण्यापूर्वी बाबांना गाडी दाखवायची होती. ती फोन फिरवत दाखवते आहे आणि मला दिसतं ते असं: हीटर, गॅसचा सिलिंडर, बर्फ खोदायचं यंत्र, सगळं मागच्या दाराशी कोंबलेलं. घराचा पुढचा दांडा वर उचललेला, आणि त्याच्यासोबत एटीव्हीची मागची चाकं जेमतेम जमिनीला टेकलेली.

"उलाळ आहे," मी म्हणालो.

"व्हॉट?"

"मागे जड झाली आहे गाडी. सामान पुढे घे."

"बाबा, ट्रेलर आहे लाह. बुलक कार्ट नाही."

तुम्हाला आठवतं का, पाठशाळा नव्या जागेत हलवायची होती तो दिवस? पोथ्यांच्या ट्रंका बैलगाडीत चढवायचं काम माझ्याकडे होतं. हाताशी मागचं टोक होतं, म्हणून मी सगळ्या मागेच रचल्या. शेवटची ट्रंक चढली आणि जू वर उचललं गेलं, गळ्यातल्या पट्ट्यांनी बैलांच्या माना ताणल्या गेल्या. गाडीवान माझ्या सात पिढ्यांची नावं घेऊ लागला. तुम्ही उपरणं काढून ठेवलंत आणि माझ्याबरोबर सगळ्या ट्रंका खाली उतरवल्यात. मग म्हणालात, "ओझं ओढणाऱ्याकडे जरा झुकलेलं असावं. फार नाही. मागे काही आहे एवढं त्याला कळलं पाहिजे." आणि बैलांची क्षमा मागायला लावलीत. मी ती संस्कृतात मागितली. तुम्ही म्हणालात, "मराठीत माग. ते इथलेच आहेत."

लेकीने कुरकुरत सामान पुढे सरकवलं. दांडा खाली आला, एटीव्ही नीट बसली. "ओके बाबा, कॅन," ती म्हणाली, म्हणजे जमलं, आणि मी इतका खूश झालो की सांगता सोय नाही. तुमची विद्या सातासमुद्रापार कामी आली, तीही माझ्या तोंडून. या भरात, जो प्रश्न पहिला विचारायचा तो मी शेवटी विचारला.

"बर्फ किती जाड आहे?"

"लास्ट वीक दहा इंच होतं."

"आणि आता?"

"चेक करत जाणार ना. डोन्ट वरी लाह."

तिने मला एक लोखंडी पहार दाखवली. दहा पावलं पुढे चालायचं, पहार मारून बघायची, मागे यायचं, तेवढंच अंतर गाडी न्यायची, पुन्हा उतरायचं. दोघी असल्या की एक ठोकते, एक चालवते. गळ्यात दोरीला दोन टोकदार खिळे लटकत होते. पाण्यात पडलंच तर ते बर्फात रोवून वर यायचं. ते खिळे तिने मला नवा हार दाखवावा तसे दाखवले. मग म्हणाली, "तिकडे रेंज नसते हां. बाय, बाबा."

बायको स्वयंपाकघरातून आली. "कुठल्या तळ्यावर चालली आहे?"

"विचारलं नाही."

"का?"

"निघणाऱ्याला कुठे विचारू नये."

"मग आता तुमच्या गुरुजींनाच फोन लावा," म्हणाली, आणि स्वतः लेकीला फोन लावू लागली. तो लागत नव्हता, आणि मैत्रिणीचा नंबर आमच्याकडे नाही. मी नाश्ता आणतो म्हणून खाली उतरलो, तो इथेच बसलो आहे.

बायकोला काय सांगू? आठ वर्षांचा असताना, तुम्ही सायकलवर टांग टाकत होतात तेव्हा मी विचारलं होतं, "गुरुजी, कुठे?" तुम्ही सायकल भिंतीला लावलीत, आत येऊन पाटावर बसलात, पाणी प्यायलात आणि मगच पुन्हा निघालात. रागावला नाहीत. नुसतं म्हणालात, "जाणाऱ्याच्या वाटेत हा शब्द टाकू नये." तेव्हापासून टाकला नाही. बायको माहेरी निघाली तरी गाडीची वेळ विचारतो, गाव विचारत नाही. आणि सतरा वर्षांचा होतो त्या सकाळी तुम्ही निघालात तेव्हा मी ओसरीवर धातुरूपं घोकत होतो. तुम्हाला पाहिलं. विचारलं नाही. शहाणा झालो होतो ना. दुपारपर्यंत आम्ही सगळे तुम्हाला नदीच्या बाजूला शोधत होतो, आणि तुम्ही घाटाच्या बाजूला रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्याला टेकून बसला होतात, सायकल शेजारी नीट उभी. डॉक्टर म्हणाले, लवकर सापडते तर वाचले असते.

हे मी तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. तुमचे नियम चांगलेच होते. फक्त त्या सगळ्यांत खाली जमीन गृहीत धरलेली होती. ओझं ओढणाऱ्याकडे झुकवा, हे खरं. पण मी आज सकाळी ते सगळं वजन माझ्या लेकीच्या पाठीशी आणून ठेवलं, आणि तिच्याखाली काय आहे हे मला ठाऊक नाही. ते बरोबर केलं की चूक, हे कोणाला विचारावं तेही कळत नाही.

आता नऊ वाजले आहेत. तिकडे केव्हाच काळोख पडला असेल. मघाशी मी फोन काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द लिहिला: "कुठे आहेस?" मेसेजपुढे एकच करडी खूण आहे, दुसरी उमटलेली नाही. आंटी मघाशी फडकं मारताना ग्लासाकडे बघून म्हणाली, "नो नाइस, आह?" मी म्हटलं, "नाइस, नाइस." हा कागद घडी करून खिशात ठेवीन. तुमचा पत्ता मी कधी विचारला नाही, तसाच तिच्या तळ्याचाही. बर्फ तुटेल याची भीती आहेच, गुरुजी, पण खरी भीती वेगळी आहे. तिला शोधायला कोणाला पाठवायची वेळ आली, तर कुठे जा म्हणून सांगायचं, ते मला माहीत नाही.