चहापुरतं पाणी

बाबा,

सुट्टी असूनही मी प्रयोगशाळेत चालले आहे, बाहेर जेवायचा बेत रद्द. काल तुम्ही गल्लीच्या ग्रुपवर ‘नळाच्या पाण्यात विष’ ही बातमी टाकलीत. लोकांनी घाबरून टाक्या ओतून दिल्या. आता साहेबांनी सगळ्या गल्लीचं पाणी पुन्हा तपासायला मलाच बोलावलंय.

ते पाणी मंगळवारी मीच तपासलं होतं. ते स्वच्छ आहे. बातमी पुढे पाठवताना तुम्ही माझ्याकडेच चहा मागत होतात. तेव्हाच एका शब्दाने विचारलं असतंत तर? काखेत कळसा नि गावाला वळसा!

ग्रुपवर चूक कबूल करा. ‘मुलगी म्हणते’ नको, ‘मी न विचारता पाठवलं’ असंच लिहा.

आईनेही आपली टाकी रिकामी केली आहे, त्यामुळे आंघोळ संध्याकाळी. चहापुरतं पाणी झाकून ठेवलंय. नळाचंच आहे.