निरोगी म्हणून नेलेले अप्पा

तीर्थरूप दादा,

शेंडेफळाचा नमस्कार उभ्याउभ्याच घे (प्रयोगशाळेत साष्टांग घालायला जागा नाही, आणि फरशीवर काय सांडलं असेल याचा नेम नाही). वहिनींची कंबर कशी आहे? तुझं पोट? इकडे सगळे खुशाल, असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं.

तू दिवसभर करतेस तरी काय, असं नेहमी विचारतोस ना? ऐक. मेंदूतल्या पेशीच्या दारावर निरोप येतो आणि आत हातोहात पुढे जातो, शिपायाकडून कारकुनाकडे, कारकुनाकडून साहेबाकडे. अल्झायमरमध्ये ही साखळी बिघडते. एक एन्झाइम थांबायचं नावच घेत नाही, टाऊ नावाच्या प्रथिनावर फॉस्फेटचे शिक्के मारत सुटतं. ते बिचारं पेशीतली वाहतुकीची वाट सांभाळायचं सोडून स्वतःच गुंता होऊन बसतं. मग आतला कारभार अडतो आणि पेशी हळूहळू मरते. त्या एन्झाइमला आवरायचं कसं, हे आम्ही शोधतोय (सध्या तरी तेच आम्हाला आवरतंय).

तुलनेसाठी ठणठणीत म्हाताऱ्यांचं रक्त हवं होतं. मी छाती फुगवून म्हटलं, आमचे अप्पा! हेडमास्तर होते, एकोणतीसचा पाढा उलटा म्हणतात. अप्पाही इस्त्रीचा सदरा घालून निघाले. पण रक्ताआधी स्मरणाची छोटी चाचणी असते. चाचणीवाल्या बाईंनी तीन शब्द सांगितले, घड्याळ काढायला लावलं, मग शब्द विचारले. अप्पा शांतपणे म्हणाले, "शब्द? तुम्ही दिलेच नाहीत." घड्याळाचे सगळे आकडे एका बाजूला गर्दी करून उभे होते (वर बाईंनाच सुनावलं, की कागद लहान दिलात). दादा, रोज हेच बघते मी, आणि घरात दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

एका चाचणीनं काही ठरत नाही, मेंदूच्या डॉक्टरांनी नीट तपासायला हवं, असं बाई म्हणाल्या. अप्पा ऐकतील तर शपथ! निरोगी म्हणून नेलंस आणि नापास करून आणलंस, म्हणून माझ्याशी अबोला धरलाय. (मधूनच अबोला विसरतात आणि माझ्यासाठी चहा घेऊन येतात. तेव्हा हसावं की रडावं कळत नाही.) मला फार भीती वाटते रे.

वहिनींना नमस्कार, पोरांना पापा.

तुझी,
शेंडेफळ

ता. क. : सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे, तुझ्या नावानं. अप्पांना सांगितलंय की हल्ली तुला काही आठवत नाही आणि सोबत घरचं मोठं माणूस लागतं. ते एका पायावर तयार झाले. डॉक्टरांना खरं काय ते सांगून ठेवलंय; ते आधी तुला विचारतील, मग "बघू, बाबांना येतंय का" म्हणून त्यांना. हेडमास्तरच ते, तुला दाखवून द्यायला बसतीलच. तेव्हा निमूट ये आणि नापास हो.

ता. क. दुसरा : हे घरी येऊन लिहितेय. आत्ता अप्पा खोलीच्या दारात येऊन गेले. म्हणाले, "डॉक्टर काही वाईट बोलले तर ते त्याला कळू देऊ नकोस. मला सांग. मी बघतो काय करायचं ते."