न थांबणारी पिकअप

रँच, सँडहिल्स, नेब्रास्का
१२ ऑक्टोबर

चि. ड्वेन यास,
अ. आ. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. मेली ती आमची पिकअप. रविवारी चर्चहून परतताना ओढ्याच्या पुलावर खालून काहीतरी कडाडलं आणि गाडी मधूनच वाकली. शेजारचा हार्लन ट्रॅक्टरने ओढून घेऊन आला. खाली वाकून म्हणाला, चासी, म्हणजे खालचा सांगाडा, गंजून तुटलीय, आता हिला डाग देऊन काही उपयोग नाही. मग दोन कप कॉफी प्याला आणि गेला.

कर्टिसला कळवलं, तर त्याला आनंद लपवता येईना. डेन्व्हरच्या विमा कंपनीत बसून धोके मोजायचे हे त्याचं काम, आणि सध्या त्याच्या हिशोबात सगळ्यात मोठा धोका त्याची आई आहे. आई, बाबा मे महिन्यात गेले, तू सत्तरीची, एकटी, सगळ्यात जवळचं घर टेकड्यांपलीकडे. गाई विक आणि आमच्याकडे खालच्या खोलीत राहायला ये, असा धोशा त्याने लावलाय. खोली चांगली आहे रे. तिला खिडकीही आहे, तिच्यातून दुसऱ्याची गाडी दिसते.

शेवटी आमचं ठरलं ते असं. पहिल्या बर्फापासून नाताळपर्यंत गाईंना वैरण मी एकटीने घालून दाखवायची. जमलं तर तो पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर जानेवारीच्या लिलावात सगळा कळप विकायचा. लिलाववाल्यांकडे त्याने नाव नोंदवूनही ठेवलंय. पोरगा बापासारखा मुळीच नाही, थेट तुझ्यासारखा आहे.

म्हणून आता गाडी हवी. तू आयुष्यभर पिकअप विकल्यास, एक बहिणीसाठी शोध. मोठी हवी, हौदा लांब, चारही चाकांना ताकद, आणि कडाक्याच्या थंडीत पहिल्या किल्लीला सुरू झाली पाहिजे. नवी की जुनी ते तूच ठरव. फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू मलाच गाडी विकायला लागतोस. कागदावर निदान श्वास घ्यायला थांबतोस.

इर्माला आठवण सांग. जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझी,
आर्डिथताई


ग्रँड आयलंड
२० ऑक्टोबर

ती. आर्डिथताईस,
सा. न. वि. वि. (इर्माचाही नमस्कार. ती शेजारी बसून माझ्या खांद्यावरून सगळं वाचतेय.)

तुझ्या पिकअपची बातमी ऐकून वाईट वाटलं असं लिहिणार होतो, पण इर्मा म्हणाली खोटं लिहू नका. ती गाडी दहा वर्षांपूर्वीच जायला हवी होती.

आता कामाचं. जुनी घ्यायची तर वरचा रंग बघायचा नाही, आधी खाली झोपायचं. आपल्याकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते चासी आतून खातं आणि वरून गाडी नवरीसारखी दिसते. किती मैल चाललीय त्यावरही विश्वास नाही. तेलाच्या विहिरींवरून आलेल्या गाड्या दिवसभर उभ्या उभ्या सुरू असतात, मैल कमी आणि इंजिन म्हातारं. डिझेल घ्यायचं तर तुमच्याकडच्या थंडीत ते टाकीतच गोठतं. जुनी गाडी घेणं म्हणजे दुसऱ्याचं दुखणं आपल्या अंगणात आणून बांधणं. ते निभवायला तुझ्या रोलंडसारखा माणूस लागतो, आणि तो आता नाही.

म्हणून माझं मत नव्याचं. माझ्या जुन्या दुकानात गेल्या वर्षीची एक पांढरी उरलीय. पेट्रोलची, अजून कुणाच्या नावावर नाही. सीट गरम होते, स्टिअरिंगसुद्धा गरम होतं. गिअर स्वतः बदलते, म्हणजे क्लच नाही आणि तुझ्या डाव्या गुडघ्याची सुटका. इतकी वर्षं रोलंड चालवायचा आणि तू हौद्यातून वैरण टाकायचीस. आता दोन्ही तुलाच करायचंय, तेव्हा गाडी तरी सोपी हवी.

कर्टिसचा मला फोन आला होता. मामा, तिला भरीस घालू नका, म्हणाला. मी म्हटलं, तुझ्या आईला भरीस घालणारा अजून जन्मायचाय. पुढच्या आठवड्यात मी आणि इर्मा गाडी घेऊन येतो. राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल करून ठेव, एवढी दलाली पुरे.

धाकटा म्हणून जे माफ करत आलीस ते करत राहा.

तुझा,
ड्वेन


रँच
१८ नोव्हेंबर

चि. ड्वेन यास,
अ. आ. वि. वि.

गाडी देखणी आहे, यात शंका नाही. चर्चपुढे उभी केली तेव्हा पाद्रीसाहेबांनी तिच्याभोवती चक्कर मारली आणि मग मला कशी आहेस विचारलं. सीट गरम होते ते तर फारच छान. पण भाऊराया, तुझी गाडी माझं काम करत नाही.

गुरुवारी पहिला बर्फ पडला. शुक्रवारी सकाळी हौद्यात गठ्ठे भरले, खालच्या कुरणात गेले, गाई धावत आल्या. नेहमीसारखा सगळ्यात हळू गिअर टाकला, स्टिअरिंग रबरी पट्ट्याने बांधलं आणि हौद्यात चढायला दार उघडून उतरले. तशी गाडी जागच्या जागी थांबली. नुसती थांबली नाही, वर किंचाळायलाही लागली. मला वाटलं माझं काही चुकलं. पुन्हा बसले, पुन्हा उतरले, पुन्हा तेच. सीटचा पट्टा रिकाम्या सीटवर लावून पाहिला, तिला तेही कळतं. दुपारी हार्लन आला, त्याने दाराच्या कडीत खुडबूड केली, तेव्हा समोरच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली आणि गाडी हलेचना. हार्लन इतका हसला की त्याची टोपी पडली.

आता करते काय, तर थोडं चालवायचं, थांबायचं, उतरायचं, हौद्यात चढायचं, वैरण टाकायची, उतरायचं, परत आत चढायचं. तुझ्या गाडीची पायरी माझ्या कमरेला येते. सकाळचं काम दुपारपर्यंत संपत नाही. दांडग्या गाई सगळ्या जागी आधी पोचतात आणि मागच्या उपाशी उभ्या राहतात. पोटुशा आहेत सगळ्या. त्या खंगल्या तर कर्टिसला लिलावाची वाटही बघावी लागणार नाही.

तेव्हा ही उतरल्यावर थांबायची खोड कशी बंद करायची ते दुकानात विचारून लगेच कळव.

राग नाही, घाई आहे. माया आहे तेवढीच आहे.

आर्डिथताई


ग्रँड आयलंड
२४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी आधी मनात वाचलं, मग इर्माला मोठ्याने वाचून दाखवलं.

तू चालत्या गाडीतून उतरतेस? बर्फात? गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असताना? आणि मग गाडी कोण चालवतं? कुणीच नाही? नेहमीसारखा असं तू लिहिलंस, तो शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. रोलंड गेल्यावर तुला हे नवीन सुचलं असेल तर ते आताच सोड.

दुकानात विचारलं. ती खोड नाही, ती सोय आहे, आणि ती बंद करता येत नाही. करता आली असती तरी करू नका असं मीच सांगून आलो असतो. माणूस उतरला की गाडी थांबते, यात गाडीचं काय चुकलं? तिच्या जागी मी असतो तरी थांबलो असतो.

वाईट वाटेल, पण स्पष्ट लिहितो. आतापर्यंत मी तुझ्या बाजूने होतो. आता मला कर्टिसचं पटतं. गाडी चालवायला माणूस मिळत असेल तर ठेव, नसेल तर जानेवारीत गाई जाऊ देत. तुला बर्फात चाकाखाली पडलेलं शोधायला यायची माझी तयारी नाही.

रागावलीस तर रागाव, पण पत्र पाठवायचं बंद करू नकोस.

ड्वेन


रँच
३० नोव्हेंबर

चि. ड्वेन यास,
आ.

माणूस मिळत नाही. सप्टेंबरपासून विचारतेय. पोरं सगळी शहरात, आणि जी उरलीत ती स्वतःच्या गाईंच्या मागे.

आता तुला जे कुणालाच सांगितलं नाही ते सांगते. रोलंडच्या दफनाच्या दिवशी तू सगळ्यांपुढे उभा राहून बोललास, की हा माणूस शेवटच्या हिवाळ्यापर्यंत स्वतः गाडी चालवून आपल्या गाई चारत होता. लोकांचे डोळे पाणावले. मीही मान हलवली. ड्वेन, त्या अख्ख्या हिवाळ्यात रोलंडने गाडी चालवली नाही. त्याच्या पायात क्लच दाबायचा जोर उरला नव्हता. मी त्याला चालकाच्या सीटवर बसवायची, गुडघ्यांवर घोंगडी टाकायची, त्याच्या अंगावरून वाकून माझ्या पायाने क्लच दाबून गिअर टाकायची आणि दार लावून मागे चढायची. गाडी आपली आपण चालायची. रस्त्यावरून जाणाऱ्याला स्टिअरिंगमागे त्याची टोपी दिसायची आणि तो हात करायचा. रोलंडही हात करायचा. तेवढं त्याला जमायचं.

तेव्हा हे मला काल सुचलेलं नाही. त्या गिअरला इकडे आजीबाईचा गिअर म्हणतात, ते काही उगाच नाही. गाडी गाईपेक्षा हळू चालते, कुरण सपाट आहे, आणि मी एकदाच उतरते नि एकदाच चढते. पडायची भीती आहे ती तुझ्या गाडीत. काल त्या उंच पायरीवरून घसरले, कोपर काळंनिळं झालंय. कर्टिसला कळवू नकोस.

तुझ्यावर राग नाही. गाडी मागताना मीच सांगायला हवं होतं, पण चुलीला विस्तव लागतो हे आपण सांगतो का कुणाला? मला वाटलं पिकअप म्हटली की ती एकटी चालतेच. ही पांढरी परत घेऊन जा. मला सीट गरम नको, मी उतरल्यावर चालत राहील अशी गाडी दे. ती नसेल तर कर्टिसला सांग, आई हरली.

आर्डिथ


ग्रँड आयलंड
९ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दफनाच्या दिवशी मी जे बोललो त्याबद्दल तू दोष दिला नाहीस, नुसतं खरं काय ते सांगितलंस. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. रोलंड शाळेपासून माझा मित्र, दर नाताळला आम्ही पत्ते खेळायचो, आणि त्याच्या पायातलं बळ गेलेलं मला दिसलं नाही. तुला एकटीला कळपही ओढावा लागला आणि त्याची शानही सांभाळावी लागली. ताई, मला फार वाईट वाटलं, आणि तुझा फार अभिमानही वाटला. इर्मा रडली.

मग मी शोधायला निघालो. क्लचवाली मोठी पिकअप आता कुणी बनवत नाही, म्हणजे जुनीच. पहिली खालून गंजकी. दुसरी ढोपरापर्यंत चिखलातून काढलेली. मालक म्हणत होता धुतलीय. तिसरी कॅन्ससच्या बाजूला एका गहूवाल्याकडे सापडली, वीस वर्षांची, तपकिरी, इकडच्या मिठावर कधी न आलेली. मी बर्फात पाठीवर झोपून टॉर्चने सगळी चासी पाहिली. उठवायला इर्मा आणि गहूवाला दोघं लागले. रेडिओ नाही, सीट फाटलीय, उजव्या दाराची काच खाली जात नाही. इंजिन पहिल्या किल्लीला बोललं.

मग गहूवाल्याला सांगून मी ती त्याच्या कापलेल्या शेतात नेली. तुझा तो गिअर टाकला, पाय सगळीकडून काढले आणि दार उघडून खाली उतरलो. गाडी चालत राहिली. मी तिच्या बाजूने चालत राहिलो. जन्मभर पिकअप विकल्या, पण तिच्याबरोबर असा कधी चाललो नव्हतो. थोड्या वेळाने मी पुढे जायला लागलो, इतकी ती हळू. गहूवाला म्हणाला, एवढं काय बघताय, सगळ्या अशाच होत्या.

शनिवारी घेऊन येतो. पांढरी परत नेतो, तिला गिऱ्हाईक पुष्कळ. कर्टिसला अजून काही कळवलेलं नाही. ते तुझं तू बघ.

तुझ्या मायेचा हक्कदार,
ड्वेन


रँच
२८ डिसेंबर

चि. ड्वेन व चि. सौ. इर्मा यांस,
अ. आ. वि. वि.

तपकिरी उत्तम चालते. पहिल्याच दिवशी सगळ्या गाईंना लांब रांगेत वैरण पडली आणि मागच्यांचीही पोटं भरली. सकाळचं काम सकाळीच संपतं. दाराची काच हार्लनने बसवून दिली.

कर्टिस नाताळला आला. चेहरा असा, की समजूत घालायचं भाषण वाटेत पाठ केलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला, मीही येतो, बघतो तू कसं करतेस ते. त्याला आधी हौद्यात चढवलं आणि दाताळं हातात दिलं. मग गाडी सुरू केली, गिअर टाकला, उतरले आणि मागे चढून त्याच्या बाजूला उभी राहिले. तो खाली मान घालून वैरण लोटत होता. अर्धं कुरण पार झालं तरी त्याच्या लक्षात आलं नाही. मग त्याने घाम पुसायला मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, काचेतून पुढच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं, आणि पोराच्या हातून दाताळं गळालं.

आधी ओरडला. मी ओरडू दिलं. गाडी चालतच होती, गाई मागून येत होत्या, त्यामुळे त्यालाही हात चालू ठेवावे लागले. मग विचारलं, कधीपासून करतेस हे? मी सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच. घोंगडीचं सांगितलं, टोपीचं सांगितलं. त्याने आणखी एक गठ्ठा फोडला.

मग म्हणाला, "म्हणजे गेल्या हिवाळ्यात बाबांनी काहीच काम केलं नाही?"

मी म्हटलं, "केलं की. रोज सोबत आले."

कुरण संपेपर्यंत शेवटचा गठ्ठाही त्यानेच फोडला. परतताना मी उतरून चालकाच्या दाराकडे निघाले तर म्हणाला, आई, आता मी चालवतो, तू बस. मी बसले. घरी आल्यावर हातमोजेही न काढता त्याने लिलाववाल्यांना फोन लावला आणि जानेवारीतलं नाव काढून टाकलं. मग म्हणाला, मार्चमध्ये वासरं यायला लागली की पंधरा दिवसांची रजा टाकून येतो. मी म्हटलं, ये, पण माझ्या हौद्यात विम्याचं बोलायचं नाही.

गाई इथेच आहेत, मीही इथेच आहे. तुम्ही दोघं यायचं मनावर घ्या, आणि जीव लावताय तो असाच लावत राहा.

तुमची,
आर्डिथताई